डाव्या हाताला गरम

नळ उघडताना आपण त्याच्याकडे बघतोच असं नाही. पहाटे बेसिनपाशी उभं राहतो तेव्हा डोळे अर्धे मिटलेले असतात. अंघोळीत तोंडाला साबण असतो. रात्री मध्येच उठलेला माणूस दिवा न लावताच चूळ भरतो. अशा वेळी हात आपला आपण जातो. गरम हवं असेल तर डावीकडे, गार हवं असेल तर उजवीकडे. या सवयीवर आपण किती विसंबून असतो ते आपल्या लक्षातही येत नाही, कारण बहुतेक वेळा ती बरोबर ठरते. ती चुकीची ठरते त्या बाथरूममध्ये काय होतं, हे मला आत्या आमच्याकडे राहायला आल्यावर कळलं. तेव्हापासून मी कुणाकडेही गेले की आधी नळ बघते.

आत्याला काचबिंदू आहे. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचंही धूसर होत गेलं. आता तिला उजेड कळतो, दारात कुणी उभं आहे एवढं कळतं. पण तिचं अडत नाही. साताऱ्याच्या घरात जन्म काढलेली बाई पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आली आणि पहिल्या काही दिवसांतच तिने घर हातांनी वाचून घेतलं. भिंतीवर तळवा ठेवून चालायची, कपाटाच्या कडा, स्विचची पाटी, दाराची कडी सगळं चाचपून मनात बसवायची. बाथरूममध्येही तसंच. मिक्सरच्या दोन चाव्या, मधली तोटी, खाली बादली. डावी गरम, उजवी गार. ‘हे बरं आहे, माझ्या लेकीकडे नाशिकलाही असंच आहे,’ असं ती म्हणाली होती.

आमच्याकडे दोन बाथरूम आहेत, एकाच भिंतीला पाठीला पाठ लावून. आत्या वापरायची त्यात गीझर आहे. दुसऱ्यात सोसायटीच्या गच्चीवरच्या सोलरची लाइन येते. एकदा पाहुणे आले होते म्हणून ती दुसऱ्या बाथरूममध्ये गेली. तिथलं उलटं होतं. डावीकडे गार, उजवीकडे गरम. आम्हा डोळसांना त्याचं काही वाटायचं नाही. घरात शिरलो तेव्हा ‘इकडे उलटं आहे हं’ असं एकमेकांना सांगितलं होतं आणि विषय संपला होता.

आत्याने नेहमीप्रमाणे डावी चावी सोडली. गार पाणी आलं. सोलरचं पाणी यायला वेळ लागतो हे तिला माहीत होतं, म्हणून ती थांबली. मग विसणासाठी उजवीही थोडी सोडली. तीही गारच लागली. पाणी बादलीत पडत होतं आणि तिचा हात धारेखाली होता. मग एकाएकी धार तापली. उन्हाळ्याचे दिवस, गच्चीवरची टाकी भरून तापलेली. पाणी फार कढत झालंय म्हटल्यावर कुणीही जे करेल तेच तिने केलं. तिने उजवी चावी आणखी उघडली.

मी हाक ऐकून धावले तेव्हा तिचा हात मनगटापर्यंत लाल झालेला होता. गार पाण्याच्या वाहत्या धारेखाली 20 मिनिटं धरून ठेवला, फोड आले नाहीत, दोन दिवसांत उतरलं. पण ती पुन्हापुन्हा एकच वाक्य म्हणत राहिली, ‘अगं, मी गारच सोडलं होतं की.’

त्या वाक्यावर मी खूप विचार केला. तिचं काहीही चुकलं नव्हतं. तिने थांबून पाहिलं होतं, हात लावून पाहिलं होतं, आणि पाणी तापल्यावर योग्य तोच उपाय केला होता. उलट्या जोडलेल्या नळाचं हेच भयंकर आहे. माणूस जितका सावधपणे वागेल तितका तो अधिक भाजतो, कारण वाचण्यासाठी केलेली हालचालच गरम पाणी वाढवते. आणि भाजत असताना मेंदू ‘बहुधा नळ उलटा जोडलेला असेल’ असा विचार करत बसत नाही. हात सवयीने जातो आणि सवय तिकडेच नेते.

मला आधी वाटायचं की न दिसणाऱ्या माणसाला स्पर्शाने कळेलच की गरम कुठलं आणि गार कुठलं. तसं ते कळत नाही. गरम पाण्याचा नळ उघडल्यावर आधी पाइपात थांबलेलं, निवलेलं पाणी येतं. अर्धा इंची पाइपात मीटरमागे साधारण लिटरचा आठवा भाग पाणी मावतं, एक इंचीत त्याच्या तिपटीहून जास्त. गीझर डोक्यावरच असेल तर तांब्याभर पाणी गेलं की गरम सुरू होतं. पण गच्चीवरून दोन-तीन मजले उतरून येणाऱ्या सोलरच्या लाइनमध्ये अर्धी बादली पाणी निव्वळ पाइपातच असतं. तेवढा वेळ दोन्ही चाव्या स्पर्शाला सारख्याच. म्हणजे जेव्हा निर्णय घ्यायचा असतो नेमक्या त्याच वेळी हाताला काहीच कळत नाही. डोळे नाहीत, स्पर्श उपयोगाचा नाही, उरते ती फक्त जागा. डावं की उजवं.

आणि चुकीला वेळ फार थोडा मिळतो. 1947 साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या दोघा संशोधकांनी पाण्याचं तापमान आणि त्वचा भाजायला लागणारा वेळ यांचा संबंध तपासला होता, आणि आजही भाजण्याविषयीचे नियम करताना त्या कामाचा आधार घेतला जातो. 60 अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची त्वचा खोलवर भाजायला सुमारे 5 सेकंद पुरतात. 49 अंशांच्या पाण्याला तेवढीच इजा करायला काही मिनिटं लागतात. मधल्या 11 अंशांत सगळा फरक पडतो. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची त्वचा पातळ, त्यांना याहूनही कमी वेळ पुरतो. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झालेल्यांना तर पाणी कढत आहे हे कळतच नाही, ते पाय बादलीत ठेवून बसतात आणि नंतर कातडी सोललेली दिसते. घरातल्या गीझरचा थर्मोस्टॅट साधारण 60 अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही वर ठेवलेला असतो. सोलरला तर तसा लगामच नसतो. ऊन जितकं तितकं पाणी तापतं, चैत्र-वैशाखात 70 अंशांपर्यंत सहज जातं.

मग पाणी कमीच तापवावं का? त्यातही अडचण आहे. 20 ते 45 अंशांच्या कोमट पाण्यात, विशेषतः साचून राहिलेल्या, लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. 1976 साली फिलाडेल्फियात एका अधिवेशनाला जमलेल्या लोकांना ज्या न्यूमोनियाने गाठलं, त्याचे हे जिवाणू. म्हणून साठवलेलं पाणी 60 अंशांच्या आसपास ठेवा आणि माणसाच्या अंगावर पडताना ते कमी करा, अशी जगभर रीत आहे. इंग्लंडमध्ये 2010 पासून नव्या घरांत बाथटबच्या नळातून 48 अंशांहून गरम पाणी येऊ नये असा नियम आहे. ऑस्ट्रेलियात नव्या जोडणीत बाथरूमसाठी ही मर्यादा 50 अंशांची. टाकीत कढत आणि नळात सोसवेल असं, या दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या तर मधे मिसळण आलं, आणि मिसळण आलं की कुठलं पाणी कुठून येतं हे ठरलेलं असणं आलं.

ते ठरलेलं आहे. अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या नियमावल्यांमध्ये गरम पाण्याची जोडणी नळाच्या डाव्या बाजूला हवी असं लिहिलेलं आहे. ब्रिटनमध्येही तीच रीत, आणि त्यामागचं कारण सांगताना दृष्टी अधू असलेल्यांचा उल्लेख केला जातो. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कुणीतरी कुठेतरी बसून आत्यासारख्या माणसांचा विचार केला होता. डावं म्हणजे नळाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचं डावं. एका दांडीच्या मिक्सरलाही तेच, दांडी डावीकडे वळवली की गरम.

डावीकडेच का, याची जी गोष्ट सांगितली जाते ती अशी. घरात नळ आले तेव्हा आधी फक्त गार पाणी आलं, त्याच्याही आधी हातपंप होता, आणि बहुतेक माणसं उजव्या हाताने काम करणारी म्हणून तो उजवीकडे असायचा. गरम पाण्याचा नळ मागाहून आला, त्याला उरलेली डावी बाजू मिळाली. याला कागदोपत्री पुरावा फारसा नाही, पण गोष्ट पटण्यासारखी आहे. शिवाय तिचा एक फायदा आहेच. बेसावध हात बहुतेकांचा उजवा असतो आणि तो आधी गार नळावर पडतो.

ब्रिटनच्या जुन्या घरांत अजूनही बेसिनला दोन वेगळे नळ दिसतात, एकातून कढत आणि एकातून गार, मधे मिसळायची सोय नाही. पुण्याहून तिकडे गेलेली आमच्या ओळखीतली मुलं पहिल्या थंडीत त्याविषयी हमखास तक्रार करतात. त्यालाही कारण आहे. गार पाणी थेट मुख्य वाहिनीतून जोरात येतं, गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून आपल्या वजनाने खाली उतरतं. दोघांचा दाब वेगळा. शिवाय माळ्यावरच्या टाकीतलं पाणी पिण्याजोगं धरत नसत, म्हणून ते पिण्याच्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही असा दंडक होता. तिथे नळ दोन राहिले, पण बाजू मात्र सांभाळल्या. गरम डावीकडे.

मिसळून देणाऱ्या एका दांडीच्या नळामागेही भाजलेला हातच आहे. अल् मोएन नावाचा अमेरिकन तरुण 1937 साली शिकत असताना दोन चाव्यांच्या नळाखाली हात धुवायला गेला आणि अचानक आलेल्या कढत पाण्याने भाजला. एकाच हालचालीत पाणी आणि त्याचं तापमान दोन्ही ठरवता यायला हवं, हे त्याने मनात घेतलं. त्याचा नळ बाजारात यायला 1947 उजाडलं. आज आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमध्ये तोच प्रकार बसवतात. पण ती दांडीही शेवटी डाव्या-उजव्यावरच चालते. आतले पाइप उलटे आले तर दांडीही खोटं सांगते, आणि दोन चाव्या तरी वेगवेगळ्या चाचपता येतात, इथे तेवढाही आधार नाही.

आत्याच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. साताऱ्याच्या घरी मागल्या दारी न्हाणी होती आणि तिथे तांब्याचा बंब. मधून धुराड्याची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळीवर लाकडं किंवा कोळसे, पोटाला तोटी. असे बंब घडवणारी पुण्याची तांबट आळी प्रसिद्ध होती. बंबातलं कढत पाणी घंगाळात घ्यायचं आणि शेजारच्या पिंपातलं गार पाणी विसण म्हणून घालायचं. आत्या सांगते, विसण घालणं हे जबाबदारीचं काम होतं. पोरांच्या अंघोळीचं विसण आजीच घालायची, हात बुडवून नाही, कोपर बुडवून, कारण चुलीपाशी राबलेल्या हातांना ऊन पाणी कोमटच वाटतं. तान्ह्या बाळाच्या पाण्याचं तर दोन बायकांनी बघायचं. गरम कुठलं याविषयी तिथे शंकाच नव्हती, ते धूर सोडत उभं असायचं. भाजायची भीती होती, पण फसगत नव्हती.

अजूनही महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दोन नळांची चैन नाही. चाळीत एकच नळ असतो, पाणी गॅसवर तापवून पातेलं दोन्ही हातांनी उचलून मोरीपर्यंत न्यायचं. कुठे बादलीत रॉड टाकलेला. तिथले धोके याहून कितीतरी मोठे आहेत आणि तेही माझ्या डोळ्यांपुढे आहेत. पण त्या घरातली माणसं जेव्हा नव्या इमारतीत जातात, म्हाताऱ्या आईला पहिल्यांदा मिक्सरखाली अंघोळ घालतात, तेव्हा तो नळ तरी खरं सांगणारा असावा, एवढं मागणं फार नाही.

हे उलटं होतं कसं, ते मला आमच्या प्लंबरमामांनी दाखवलं. साठीच्या पुढचे आहेत, जुन्या लोखंडी पाइपांना सूत आणि सफेदा लावून जोड करण्यापासूनचं काम त्यांच्या हातून गेलेलं. त्यांनी आमच्या दोन्ही बाथरूममध्ये जाऊन मिक्सर पाहिले आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाले, ‘ताई, पलीकडचं बरोबर आहे ना? मग इकडचं उलटं असणारच.’

एकाच भिंतीच्या दोन्ही अंगांना बाथरूम असली की पाइप बहुधा एकाच उंचीवर, एकाच ओळीत काढतात. भिंतीत खाच पाडायची, दोन नळ्या शेजारी शेजारी आणायच्या आणि त्यांची तोंडं दोन्ही अंगांना बाहेर काढायची. काम सोपं, सामान कमी. पण इकडून पाहणाऱ्याचं डावं ते पलीकडून पाहणाऱ्याचं उजवं. एका बाजूला बरोबर आलं की दुसऱ्या बाजूला चुकलंच, जोवर कुणी मुद्दाम नळ्यांची अदलाबदल करत नाही तोवर. ही अदलाबदल करायची तर एक नळी दुसरीवरून उडी मारून न्यावी लागते. त्यासाठी वाकडा तुकडा मिळतो, त्याला स्टेप ओव्हर बेंड म्हणतात. तो किरकोळ किमतीचा आहे. पण तो लावायला खाच थोडी खोल हवी आणि थोडा जास्त वेळ हवा. मोठ्या इमारतीत एकावर एक असे मजले असतात, आणि पहिल्या मजल्यावर जे होतं तेच वरपर्यंत होत जातं. एका सकाळी घाईत काढलेला एक पॉइंट अनेक घरांमध्ये कायमचा बसतो.

बेसिनखाली वेगळी गंमत होते. तिथे अँगल कॉकपासून, म्हणजे भिंतीतल्या पाणी बंद करायच्या छोट्या कॉकपासून, नळापर्यंत लवचीक कनेक्शन पाइप असतात. बेसिनखाली आडवा पडून वर बघत काम करणाऱ्याला आपलं डावं-उजवं सांभाळणं कठीण जातं आणि पाइपांची फुली होते. हे मात्र दुरुस्त करायला पाना आणि थोडासा टेफ्लॉन टेप पुरतो. दोन्ही अँगल कॉक बंद करायचे, पाइप सोडवायचे आणि अदलाबदल करून लावायचे. ज्यांच्या बेसिनचं उलटं आहे त्यांनी आजच हे करून घ्यावं, त्याला कुठलंही कारण आड येत नाही.

मामांनी गीझरही दाखवला. त्याच्या बुडाला दोन तोंडं असतात. निळं कडं असलेल्या तोंडातून गार पाणी आत जातं, लाल कडं असलेल्यातून गरम बाहेर येतं, आणि समोर उभं राहून पाहिलं तर उभ्या गीझरला बहुधा निळं उजवीकडे, लाल डावीकडे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, पण आत तशी नसतात. निळ्याची नळी बुडापाशीच थांबते, लालची टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते. गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं आणि वरूनच उचललं जातं. गार पाणी खालून शिरून त्याला वर ढकलत राहतं. ही जोडणी उलटी झाली तर गार पाणी थेट माथ्यावर, गरम पाण्यात पडतं आणि बुडाचं कोमट पाणी नळाला येतं. 15 लिटरच्या 2000 वॅटच्या गीझरला 25 अंशांचं पाणी 60 वर न्यायला सुमारे 18 मिनिटं लागतात, आणि एवढं थांबूनही बादली कोमटच भरते. लोक म्हणतात गीझर बिघडला. मामांनी असे कितीतरी ‘बिघडलेले’ गीझर नुसते पाइप बदलून बरे केलेत. दाब वाढला तर पाणी सोडणारा सुरक्षेचा व्हॉल्व्हही गार पाण्याच्या बाजूलाच बसवायचा असतो, म्हणून इथे तर चूक नकोच.

आमच्या बाथरूमचं काम कनेक्शन पाइपांवर भागणारं नव्हतं. मिक्सर भिंतीत बसलेला, नळ्या भिंतीत. मिक्सरखालच्या काही टाइल्स फोडाव्या लागल्या. मामांनी दोन्ही नळ्या कापल्या, बेंड टाकून एकीला दुसरीवरून नेलं, सॉल्व्हेंट, म्हणजे पाइप चिकटवायचं द्रावण, लावून जोड केले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी सोडू दिलं नाही. तशाच टाइल्स आता मिळत नाहीत, म्हणून तेवढा पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो. मला तो खटकत नाही. जिथे सोलरची लाइन आत येते तिथे एक थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्हही बसवून घेतला. त्याच्या पोटात मेण भरलेली लहानशी कुपी असते. पाणी जास्त तापलं की मेण फुगतं आणि गरम पाण्याची वाट अरुंद करतं, गाराची रुंद करतं. वीज नाही, बटण नाही. एकदा तापमान ठरवून ठेवलं की झालं.

एक गोष्ट मामांनी आमच्याकडून घोटून घेतली. मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पुढचा नळ किंवा जेट बंद करायची सवय अनेकांना असते. तसं केलं की गरम आणि गार लाइन मिक्सरच्या पोटात एकमेकींना जोडलेल्या राहतात, ज्या लाइनला दाब जास्त तिचं पाणी दुसरीत घुसतं आणि घरातल्या भलत्याच नळाला कोमट पाणी यायला लागतं. टाकीची उंची 10 मीटर असेल तर कुठे एक बारचा दाब मिळतो, वरच्या मजल्यांना त्याच्या निम्माही नसतो. मग गार लाइनला पंप बसवतात आणि गरमला बसवत नाहीत. असमतोल तिथूनच येतो, आणि कुणी फ्लश ओढला की शॉवर एकदम कढत होण्यामागेही गाराचा दाब पडणं हेच असतं.

काम चालू असताना आत्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. तिचं म्हणणं पडलं, एवढी फोडाफोड कशाला, गरम चावीला एक रबर गुंडाळा, मला बोटाला कळेल. तिची सूचना चांगली होती आणि रबर आम्ही गुंडाळलंही, अजून आहे. न दिसणाऱ्या माणसाला अशी हाताला लागणारी खूण फार उपयोगी पडते. लाल-निळे ठिपके तर काही वर्षांत पुसले जातात किंवा गळून पडतात, आणि असले तरी तिच्या काय कामाचे? पण रबर फक्त आमच्या घरी आहे. नाशिकला नाही, लग्नाच्या हॉलमध्ये नाही, हॉस्पिटलमध्ये नाही. बाजू ठरलेली असेल तर ती सगळीकडे असते, आणि तिला कुणाला विचारावं लागत नाही. स्वतःच्या अंघोळीपुरतं कुणाला विचारावं न लागणं याची किंमत आत्याला विचारा.

खरं तर हे सगळं सांभाळायची एकच वेळ असते, आणि ती टाइल्स लागण्याआधीची. नळ्या बसवून झाल्या की त्यांत दाबाने पाणी भरून गळती तपासतात. तेव्हा भिंत उघडी असते, सगळं डोळ्यांना दिसतं. त्या दिवशी घरच्या माणसाने तिथे जावं, प्रत्येक पॉइंटकडे तोंड करून उभं राहावं आणि डावी नळी कुठून येते ते बोटाने मागोवा घेत बघावं. गीझरकडून किंवा सोलरकडून आली तर ठीक. नसेल तर तिथेच सांगावं. त्या दिवशी हे काम एका तुकड्याचं असतं, नंतर ते फोडाफोडीचं होतं. आपण टाइल्सचा रंग निवडायला तीन दुकानं हिंडतो, आणि ज्या भिंतीवर त्या लागणार तिच्या आत बघायला जात नाही. हे मला मनापासून बदलावंसं वाटतं.

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे. सभासदांच्या मागण्यांची जी यादी बिल्डरला द्यायची होती, त्यात पार्किंग, लिफ्ट, गच्चीवरची टाकी असं बरंच काही होतं. मी त्यात एक ओळ घालायला सांगितली, की प्रत्येक घरातल्या प्रत्येक मिक्सरला डाव्या हाताला गरम पाणी हवं आणि टाइल्स लावण्याआधी ते सभासदाला दाखवावं. सभेत कुणीतरी विचारलं, एवढी बारीक गोष्ट लिहून द्यायची का? पहिल्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, ते म्हणाले, लिहा. ओळ यादीत आली. नव्या इमारतीच्या नकाशात बाथरूम पुन्हा पाठीला पाठ लावूनच काढली आहेत. म्हणून मी वास्तुविशारदांकडे प्लंबिंगचा वेगळा नकाशा मागितला आहे, प्रत्येक पॉइंटपाशी गरम कुठलं आणि गार कुठलं ते लिहिलेला. तो अजून यायचा आहे. आला की मामांना घेऊन बसणार आहे.